थोडे, थोडेच आणि एकही नाही : पाचवीच्या इंग्रजीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१२ जून २०२३, सोमवार

पाचवीच्या वह्या तपासून संपल्या. ‘आमचा बाजार’ यावर प्रत्येकाने इंग्रजीत आठ वाक्यं लिहायची होती. ही मुलं एप्रिलपर्यंत आपापल्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत होती. गोव्यात आमच्या या शाळांत चौथीपर्यंत सगळं मराठीतून आणि पाचवीला हायस्कुलात पाऊल टाकलं की गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीतून. मधे फक्त मे महिन्याची सुट्टी. एवढी मोठी उडी दहा वर्षांच्या पोरांकडून आपण मारून घेतो, तर पलीकडच्या काठावर हात द्यायला कुणीतरी उभं असलं पाहिजे.

चुका वेगळ्या वहीत उतरवून काढल्या. ‘हाऊ मेनी मनी’. ‘मेनी राइस’. ‘टू ब्रेड्स’. ‘देअर इज नो एनी बस’. ‘एनी बॉय डिड नॉट कम’. दोन पानं भरली आणि बघते तर निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या: किती, थोडं, काही, सगळे, प्रत्येक. स्पेलिंगच्या चुका त्यामानाने कमीच.

हीच मुलं मराठीत बोलताना या शब्दांत एकदाही घसरत नाहीत. ‘किती पाण्या आहेत’ असं कुणी म्हणत नाही. ‘फारसे पैसे आहेत’ असंही कुणी म्हणत नाही, ‘फारसे पैसे नाहीत’ असंच म्हणतात. म्हणजे समज आहे, ती इंग्रजीपर्यंत पोचत नाही. चतुर्थीपर्यंतचं काम ठरवलं: एकेका शब्दाचं कार्ड करायचं. वर मुलांच्या तोंडचं मराठी वाक्य, खाली त्याचं इंग्रजी, आणि तिसऱ्या ओळीत दोन्ही भाषांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात ते. कार्डं आधी भिंतीवर लावायची, मग त्यांची छोटी पुस्तिका.

१६ जून, शुक्रवार

शाळा दीडला सुटते. तशीच म्हापशाला गेले, शुक्रवारचा बाजार होता. पुरुमेंताची मोठी खरेदी पाऊस पडायच्या आधीच उरकते, तरी सुकी मिरची, सोलं, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) अजून मांडलेली होती. (पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला, म्हणजे बेगमी. आमच्या घरी आजही हाच शब्द चालतो.) वहीत दोन रकाने केले: नगावर काय विकतात, आणि तोलून किंवा मापून काय. नारळ नगावर, केळी डझनावर, कांदे नि मिरच्या किलोवर, सुंगटं मापाने.

परतीच्या बसमध्ये रकाने वाचताना लक्षात आलं की मी इतकी वर्षं शिकवलेला नियम अपुरा आहे. ‘जे मोजता येतं ते मेनी, जे मोजता येत नाही ते मच.’ कांदे तर आपण तोलून घेतो, तरी इंग्रजीत ‘मेनी अनियन्स’. पैसे आपण बोटाला थुंकी लावून मोजतो, तरी ‘मच मनी’. मुलांनी नियम बरोबरच लावला होता, नियमच लंगडा होता. बाजारातलं मोजणं वेगळं आणि व्याकरणातलं वेगळं. इंग्रजी वस्तूकडे बघत नाही, शब्दाकडे बघते. त्या शब्दाच्या आधी थेट ‘टू’ ठेवून शेवटी ‘स’ लावता येतो का, एवढंच विचारायचं. ‘टू अनियन्स’ जमतं, ‘टू राइसेस’ नाही, ‘टू मनीज’ नाही. हेच पहिलं कार्ड.

२० जून, मंगळवार

वर्गात ‘मनी’वरून बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, पैसे अनेकवचन. मग मनीला मेनी कां नाय?” प्रश्न अगदी रास्त. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: ‘त्याच्याकडे खूप पैसे आहेत.’ ‘त्याच्याकडे खूप पैसा आहे.’ दुसऱ्या वाक्यात एकच पैसा आहे का, असं विचारल्यावर सगळे हसले. मग मागून एक मुलगी म्हणाली, “तो पैसा पाण्यासारखो.”

तिने म्हटलं तेच कार्डावर घेतलं. मनी म्हणजे ‘पैसा’, ‘पैसे’ नव्हे. पैसे मोजायचे झाले तर इंग्रजीत ‘रुपीज’ किंवा ‘कॉइन्स’ मोजायचे: ‘हाऊ मच मनी’, पण ‘हाऊ मेनी रुपीज’.

आता हाच धागा धरून पुढे जाते. काही शब्दांत मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला उभ्या आहेत, तिथे मुलांना फक्त आठवण द्यायची. ‘माहित्या’ असं कुणी म्हणत नाही, मग ‘इन्फॉर्मेशन्स’ कशाला? ‘सामानं बांधली’ म्हणत नाही, मग ‘लगेजेस’ कशाला? फर्निचर तर आपण मराठीतही एकवचनातच वापरतो. उलट बातम्या, सल्ले, केस हे शब्द मराठीत सुखाने अनेकवचनी होतात आणि इंग्रजीत होत नाहीत: ‘न्यूज इज गुड’, ‘सम अ‍ॅडव्हाइस’, ‘हर हेअर इज लाँग’. हे चारपाच तेवढे पाठच करायला हवेत, त्याला इलाज नाही.

तांदूळ मात्र मला अजून छळतो. आमच्याकडे ‘तांदूळ संपले’ म्हणतात आणि ‘भात संपला’ म्हणतात. इंग्रजीत दोन्हीला ‘राइस’, दोन्ही वेळा ‘इज’. एक दाणा दाखवायचा तर ‘अ ग्रेन ऑफ राइस’.

२४ जून, शनिवार

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकला आणि पाव घ्यायला बाहेर आले. सायकलच्या मागे बांबूची पाटी, वर निळं प्लास्टिक, ते उचललं की गरम वाफेचा वास. त्याने पाटीत हात घालून मोजायला सुरुवात केली: चार उंडे, दोन पोळ्या, कांकणं दोन. पाटीतला प्रत्येक नग सुटा, मोजता येण्यासारखा, आणि प्रत्येक प्रकाराला स्वतःचं नाव. याच सगळ्याला इंग्रजीत मिळून ‘ब्रेड’ म्हटलं की ते पिठाच्या गोणीसारखं होतं, मोजताच येत नाही.

‘टू ब्रेड्स’ लिहिणारं पोर गोव्याचं आहे म्हणून चुकलं, हे मला आज दिसलं. त्याच्या घरी पाव मोजूनच येतो. त्याच्या वाक्याचं मी आता असं करणार आहे: ‘आय बॉट फोर पाव.’ ‘पाव’ हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवला तर मोजायला मोकळा आहे, आणि मुळात तो पोर्तुगीज ‘पांव’मधूनच आपल्याकडे आलेला आहे. ‘ब्रेड’च म्हणायचं असेल तर ‘सम ब्रेड’ किंवा ‘फोर लोव्ह्ज ऑफ ब्रेड’.

एक बारकावा मोठ्या मुलांसाठी: ‘गोवन ब्रेड्स’ असं कुठे छापलेलं दिसलं तर ती चूक नव्हे, तिथे पावाचे प्रकार अभिप्रेत आहेत. चहाच्या गाड्यावर ‘टू टीज’ म्हणजे दोन कप. भाषा वापरणारे असा आडरस्ता काढतातच. पण पाचवीत तो दाखवायचा नाही.

३ जुलै, सोमवार

आज ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. या सगळ्या कामात मला ज्याची सर्वांत जास्त काळजी होती तो हा भाग.

मुलांकडे एक गाइड आहे. त्यात ‘फ्यू = थोडे’, ‘अ फ्यू = थोडेसे’, ‘लिटल = थोडे’, ‘अ लिटल = थोडेसे’ असं एकाखाली एक छापलं आहे. मुलं ते घोकतात आणि मग ‘अ’ ही एक क्षुल्लक गोष्ट, लिहिली काय आणि नाही लिहिली काय, असं समजतात. मला याचा फार राग येतो. अर्थ नेमका उलटा होतो. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणणारा माणूस बरा आहे, त्याला इथे सोबत आहे. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणणारा एकटा आहे.

मी फळ्यावर इंग्रजी काही लिहिलंच नाही. मराठीत दोन वाक्यं लिहिली.

‘हंड्यात थोडं पाणी आहे.’
‘हंड्यात थोडंच पाणी आहे.’

विचारलं, कुठल्या घरात आई आंघोळीला हाक मारेल? सगळे हात पहिल्या वाक्याकडे. दुसऱ्या घरात काय होईल? “आई ओरडतली, पाणी जपून वापरा!” पाणी दोन्ही हंड्यांत एकसारखंच असू शकतं, हेही त्यांनीच सांगितलं. फरक पाण्यात नाही, बोलणाऱ्याच्या मनात आहे. एकाला जे आहे ते दिसतं, दुसऱ्याला जे नाही ते दिसतं. आणि मराठीत हे सगळं एका ‘च’ने केलं.

मग खाली इंग्रजी लिहिलं. ‘थोडं पाणी’ म्हणजे ‘अ लिटल वॉटर’. ‘थोडंच पाणी’ म्हणजे ‘लिटल वॉटर’. मराठी जिथे ‘च’ जोडते तिथे इंग्रजी ‘अ’ काढून घेते. एवढं म्हटलं आणि वर्ग दोन क्षण शांत झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “मग टीचर, अ गेलो की च आयलो.” हे वाक्य मी कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहिणार आहे, शुद्ध मराठी करणार नाही.

मग नुसती वाक्यांची सरबत्ती. थोडे पाहुणे आले, थोडेच पाहुणे आले. बसमध्ये थोडी जागा आहे, बसमध्ये थोडीच जागा आहे. माणसं, पाहुणे, नारळ असतील तर ‘फ्यू’; पाणी, जागा, वेळ असेल तर ‘लिटल’. हे दुसरं विभाजन त्यांना पहिल्या कार्डावरून आलं, वेगळं सांगावं लागलं नाही.

घरी येऊन दोन गोष्टी जोडल्या. एक, ‘ओन्ली अ फ्यू’ म्हटलं की ‘अ’ असूनही अर्थ ‘थोडेच’ होतो, कारण ‘ओन्ली’नेच च आणला. दोन, ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हेच, चक्क ‘बरेच’. या दोन्ही ओळी कार्डाच्या मागच्या बाजूला. शिवाय बोलताना इंग्रज माणूसही नुसतं ‘फ्यू’ कमी वापरतो, ‘नॉट मेनी’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ म्हणतो. वाचताना मात्र ‘फ्यू’ भेटतं, आणि तिथे अडखळायला नको.

८ जुलै, शनिवार

शेजारचे आजोबा आमच्या पडवीत कार्डं चाळत बसले होते. ते पोर्तुगीज अमदानीतल्या प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकले. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते बारा वर्षांचे. ‘च’चं कार्ड बघून म्हणाले, “हे तर आम्हाला पोर्तुगिजीत होतं.” ‘पोऊका आग्वा’ म्हणजे थोडंच पाणी. ‘उं पोऊकु द आग्वा’ म्हणजे थोडं पाणी, पुरण्यासारखं. तो ‘उं’ म्हणजे इंग्रजीतला ‘अ’. आणि ‘पोऊकु’ नि ‘फ्यू’ हे दोन शब्द मुळात एकाच घराण्यातले, लॅटिनमधला ‘पाउकुस’ त्यांचा नातेवाईक.

आजोबांनी दोन्ही वाक्यं तीनतीनदा म्हणून दाखवली. त्यांच्या मास्तरांनी शिकवलेला ‘उं’ नाकातला उच्चार साठ वर्षांनंतरही जागेवर होता.

१४ जुलै, शुक्रवार

‘सम’ आणि ‘एनी’. होकारी वाक्यात ‘सम’, नकारी आणि प्रश्नार्थी वाक्यात ‘एनी’, असं मी स्वतः शाळेत शिकले आणि तसंच शिकवत आले. नकाराचं ठीक आहे. प्रश्नाचं ठीक नाही.

घरी कुणी आलं तर आपण विचारतो, ‘चहा घेता ना?’ त्यात समोरच्याने हो म्हणावं ही इच्छा आहे, आधण जवळजवळ ठेवलेलंच असतं. हा ‘ना’ म्हणजे इंग्रजीतला ‘सम’: ‘वुड यू लाइक सम टी?’ आणि डब्यात साखर उरली आहे की नाही हे खरंच ठाऊक नसताना आपण विचारतो, ‘साखर आहे का?’ तो ‘का’ म्हणजे ‘एनी’: ‘इज देअर एनी शुगर?’ पाहुण्याला ‘एनी टी?’ असं विचारणं चुकीचं नाही, पण त्यात आग्रह नाही.

सहावीत हे दोन बाकांवर नाटक करून घेतलं. एकीने यजमानीण व्हायचं, एकीने दुकानदार. यजमानीण झालेली मुलगी ‘सम टी’ म्हणताना आपोआप पुढे झुकली. नियम न सांगता अंगात उतरला तो असा.

मदत मागतानाही ‘सम’ येतो: ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’ आमच्या कोंकणी बोलणाऱ्या सहकारी टीचर म्हणाल्या, हे तर ‘मातशें उदक दी गो’ (थोडं पाणी दे गं) यातलं ‘मातशें’. अगदी तेच.

२१ जुलै, शुक्रवार

‘एनी बॉय डिड नॉट कम.’ ही चूक का होते ते आता स्वच्छ दिसतं. मराठीत ‘एकही मुलगा आला नाही’. ‘ही’ आधी येतो, ‘नाही’ शेवटी येतो, आणि शेवटचा ‘नाही’ मागे वळून ‘एकही’ला सांभाळतो. इंग्रजीत नकार आधी यायला हवा, त्याच्या सावलीत मग ‘एनी’ बसतो. ‘आय डिड नॉट सी एनी बॉय’ चालतं, कारण ‘नॉट’ पुढे आहे. वाक्याची सुरुवातच त्या शब्दाने करायची असेल तर ‘नो बॉय केम’.

‘नो एनी बस’ तर सरळच आहे. ‘एकही नाही’मधले दोन्ही तुकडे मुलांनी प्रामाणिकपणे उतरवले. ‘नो’मध्ये ‘नॉट’ आणि ‘एनी’ दोन्ही आधीच आहेत, हे गणितासारखं लिहून दाखवलं: नॉट अधिक एनी बरोबर नो. म्हणून ‘देअर इज नो बस’ किंवा ‘देअर इज नॉट एनी बस’, एका वेळी एकच.

‘दोघेही आले नाहीत’ याचं ‘बोथ डिड नॉट कम’ केलं तर ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, एक तरी आला का? तिथे ‘नायदर केम’ म्हणायचं.

‘मच’चं कार्डही आज झालं. ‘फारसं’ आपण नकारातच वापरतो. ‘मच’चा ओढाही नकाराकडे आणि प्रश्नाकडे आहे. ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’ स्वाभाविक. ‘आय हॅव मच टाइम’ कानाला खटकतं, जसं ‘माझ्याकडे फारसा वेळ आहे’ खटकतं. होकारात ‘अ लॉट ऑफ’ वापरायचं, ते कांद्यांनाही चालतं आणि भातालाही.

२७ जुलै, गुरुवार

‘टू मच’मधला ‘टू’ म्हणजे ‘खूप’ नव्हे, ‘जास्तच’. आमटीत ‘टू मच सॉल्ट’ म्हणजे ती खाववत नाही. आंबा ‘टू स्वीट’ म्हटला तर ती तक्रार होते. इथेही मराठीत ‘च’च कामाला आला.

४ ऑगस्ट, शुक्रवार

१ जून ते ३१ जुलैची ट्रॉलरबंदी उठली. दोन महिने मार्केटात खाडीचे नि नदीचे मासे, बाहेरून आलेले थोडे बर्फातले, आणि सुकं. भिंतीवरच्या कार्डावर जूनमध्ये एका मुलाने लिहिलं होतं: ‘देअर इज लिटल फिश इन द मार्केट.’ आज मी त्याच्यासाठी मुद्दाम म्हापशाच्या मासळी मार्केटात गेले.

मासेवालीने समोरच्या फळीवर बांगड्यांचे वाटे लावले होते. सहा सहा, शेपट्या एका बाजूला, वर ओल्या हाताने पाण्याचा शिपका. आकाराने लहान असतील तर सातवा वर ठेवायचा. मी विचारलं, “मावशी, वाटा कसा?” तिने भाव सांगितला आणि मी घासाघीस करण्याआधीच एक बांगडा वर टाकला. ती तोलत नाही. तिचं मोजमाप म्हणजे वाटा.

आणि उभ्या उभ्या मला ‘लॉट’ आठवला. इंग्रजीत ‘लॉट’ म्हणजे मुळात चिठ्ठी टाकण्याची वस्तू, मग त्या चिठ्ठीने वाट्याला आलेला हिस्सा, मग लिलावात एकत्र विकायला ठेवलेला मालाचा ढीग, आणि शेवटी ‘अ लॉट ऑफ’ म्हणजे पुष्कळ. या फळीवर जे मांडलेलं होतं ते अक्षरशः ‘लॉट’ होते. वाटा हा शब्दही तसाच चालत आला आहे: हिस्सा तो वाटा, आणि माशांचा ढीग तोही वाटा. मुलांना ‘अ लॉट ऑफ’ शिकवताना आता दुसरं चित्र शोधायला नको.

‘फिश’चं अनेकवचनही ‘फिश’च: ‘सिक्स फिश’. ताटात आला की मोजणं संपलं, तिथे ‘सम फिश’. ‘प्रॉन्स’ला मात्र ‘स’ लागतो, म्हणून ‘मेनी प्रॉन्स’.

१७ ऑगस्ट, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाला मुलांना लाडू वाटले, ‘दोन दोन’. आज त्यावरून ‘ईच’. मराठीत आकडा दोनदा म्हटला की वाटणी झाली. इंग्रजीत ती ‘ईच’ने होते: ‘द चिल्ड्रन गॉट टू लाडूज ईच.’ मुलांनी ‘टू टू लाडूज’ लिहिलं होतं. त्यांचा कान बरोबर आहे, फक्त इंग्रजीला ही द्विरुक्ती ठाऊक नाही.

‘ईच’ दोघांनाही चालतं, ‘एव्हरी’ला तीन तरी लागतात. म्हणून ‘ईच हँड’, ‘एव्हरी हँड’ नव्हे. दोन्हींच्या मागे क्रियापद एकवचनी: ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ बॅग’. इथे मुलं ‘गर्ल्स’ ऐकून ‘हॅव’ लिहितात, हे पुन्हा पुन्हा घ्यावं लागणार. दोन्ही, तिन्ही, चारही अशी आपली सबंध रांग आहे. इंग्रजीत ‘बोथ’च्या पुढे रांग तुटते आणि ‘ऑल थ्री’, ‘ऑल फोर’ असं म्हणावं लागतं.

२९ ऑगस्ट, मंगळवार

उरलीसुरली कार्डं. शंभर आणि शेकडो: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’, आकडा नेमका असेल तर ‘स’ नाही, ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’, शेकडो माणसं. डझनाचंही तसंच. दीड किलोला इंग्रजीत अनेकवचन, ‘वन अँड अ हाफ किलोज’. ‘पन्नास रुपये पुरत नाहीत’ हे मात्र उलट, ‘फिफ्टी रुपीज इज नॉट इनफ’, कारण तिथे रक्कम एक धरली आहे. ‘इनफ’ची जागा: नामाच्या आधी, ‘इनफ राइस’; विशेषणाच्या नंतर, ‘बिग इनफ’.

‘बहुतेक’वर थोडं थांबावं लागलं. एकीने लिहिलं होतं, ‘मोस्टली माय फादर विल कम टुमॉरो.’ मराठीत ‘बहुतेक मुलं आली’ आणि ‘बाबा बहुतेक उद्या येतील’ यांत एकच शब्द आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘मोस्ट’, दुसऱ्याला ‘प्रॉबेब्ली’. हे फक्त मुलंच लिहितात असं नाही, मी बँकेत, बसमध्ये, मोठ्यांच्या तोंडी रोज ऐकते. आणि ‘मोस्ट ऑफ चिल्ड्रन’ नव्हे: ‘मोस्ट चिल्ड्रन’ किंवा ‘मोस्ट ऑफ द चिल्ड्रन’.

११ सप्टेंबर, सोमवार

पुस्तिका टाइप करून झेरॉक्ससाठी दिली होती. आणायला गेले, सोळा पानं, पिवळं कव्हर, देखणी झाली होती. बसमध्ये उघडली आणि पोटात खड्डा पडला. ‘अ फ्यू’ आणि ‘अ लिटल’मधला ‘अ’ सगळीकडून गायब. टाइप करणाऱ्या मुलाला तो एकटा उभा राहिलेला ‘अ’ टायपिंगची चूक वाटला होता आणि त्याने चांगल्या हेतूने, एकेक करून, सगळे काढले होते. मीही प्रूफ घाईत बघितलं.

परत जाऊन त्याच्या शेजारी बसले. त्याला ‘थोडं पाणी, थोडंच पाणी’ सांगितलं. तो पेडण्याचा, मराठी शाळेतूनच शिकलेला. म्हणाला, “हे आम्हांला कोणी असं सांगलंच नाय.” मग त्यानेच शोधून शोधून सगळे ‘अ’ परत घातले, आणि नवी पानं काढण्याचे पैसे घेतले नाहीत.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तिका वाटल्या. पाचवीला चतुर्थीच्या सुट्टीचा अभ्यास: आपल्या घरच्या माटोळीवर (गणपतीच्या वर फळं बांधून टांगलेली चौकट) आणि पाहुण्यांवर दहा वाक्यं, प्रत्येकात परिमाणाचा एक शब्द. माटोळीला काय काय बांधतात त्याची यादी वर्गानेच केली: नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड, तोरिंजन, कांगलां. ‘कांगलां’ला इंग्रजी शब्द शोधायचा नाही, तसाच लिहायचा, असं सांगितलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टीनंतरच्या वह्या. ‘वुई टाइड अ लॉट ऑफ फ्रूट्स टू द माटोळी.’ ‘बोथ माय अंकल्स केम फ्रॉम मुंबई.’ ‘माय ग्रँडमदर गेव्ह अस टू नेवऱ्या ईच.’ (नेवऱ्या म्हणजे करंज्या.) ‘देअर वॉज नो स्पेस टू स्लीप.’ ‘नो एनी’ एकाच वहीत सापडला.

मागच्या बाकावरच्या मुलीचं शेवटचं वाक्य होतं, ‘ऑन द फिफ्थ डे फ्यू नेवऱ्या वेअर लेफ्ट.’ इथे ‘अ’ राहिला, असं समजून मी ‘फ्यू’भोवती लाल गोल केला आणि तिला टेबलाशी बोलावलं. तिने गोलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नाय टीचर. थोड्याच उरल्या होत्या. डब्यात चार, आणि आम्ही भावंडं अकरा.”

मी गोल खोडला आणि बाजूला बरोबरची खूण केली.